म्हणे डेटा वाढला!

पुन्हा तेच! कापसाच्या गाड्या जिनिंगसमोर उभ्या, शेतकरी काटापट्टीसाठी ताटकळतोय, संगणकाच्या स्क्रीनवर नुसतं गोल फिरतंय. सॉफ्टवेअरवाल्यांना विचारलं की उत्तर ठरलेलं, "डेटा वाढला." अरे बाप्पा, बी-ट्री इंडेक्स, म्हणजे डेटाबेसची पातळ्यापातळ्यांची शोधसूची, असा रांगत नाही! सूचीच्या एका पानात 100 की (शोधायची मूल्यं) धरल्या, तर 10 लाख नोंदींना 3 पातळ्या आणि 10 कोटींना 4. एक पान जास्त वाचायचं, बस!

दुखणं क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नात आहे. नाव शोधताना लाइकमध्ये (जुळणारा मजकूर शोधायच्या अटीत) सुरुवातीलाच टक्क्याचं चिन्ह, म्हणजे 'आधी काहीही असो', तारखेच्या कॉलमवर फंक्शन. तिथं साधा इंडेक्स कामीच येत नाही, अख्खं टेबल चाळलं जातं. आणि टेबल तर दर हंगामात फुगणारच! एक्सप्लेन (क्वेरी कशी चालेल ते दाखवणारी आज्ञा) चालवून पाहायला काय जातं? पण नाही, नवा सर्व्हर घ्या म्हणतात. आधी क्वेरी सुधारा, मग मागा पैसे!