शिनोची किटली गळते ती मातीमुळे

शिनो हे मातीच्या भांड्यांना काचेसारखा थर देणारं जपानी ग्लेझ. त्याच्याबद्दल महिनाभर एक मेसेज आमच्या सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर फिरतोय. 'शिनो ग्लेझ फक्त शोभेच्या भांड्यांना. त्याला भेगा असतात, चहा झिरपतो, जंतू वाढतात, शिवाय ते विषारी. शिनोची किटली घेऊ नका.' कुडाळजवळच्या माझ्या भट्टीवर येऊन दोघांनी हाच मेसेज दाखवला आणि सांगून ठेवलेल्या किटल्या नको म्हणाले.

शोभेचं म्हणाल, तर शिनो वापरासाठीच जन्माला आलं. 16व्या शतकाच्या अखेरीस जपानच्या मिनो प्रांतात, म्हणजे आजच्या गिफूमध्ये, या जाड पांढऱ्या ग्लेझचे चहाचे वाडगे आणि ताटल्या होत. मात्र ते वाडगे होते, किटल्या नव्हेत, हे मान्य करायलाच हवं. वाडग्यात चहा दोन घोटांपुरता असतो, किटलीत उकळतं पाणी बराच वेळ राहतं. म्हणून भेगांची शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र चुकीचा.

शिनो मुख्यतः फेल्डस्पार या खनिजाचं. त्यात सोडियम-पोटॅशियम भरपूर, आणि असं ग्लेझ थंड होताना खालच्या मातीपेक्षा जास्त आकसतं. त्या ताणाने केसाएवढ्या भेगा पडतात. 1974 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात व्हर्जिनिया वर्ट यांनी शिनोचं जे नवं मिश्रण बसवलं त्यात सोडा अॅश, म्हणजे पाण्यात विरघळणारा सोडियमचा क्षार, होता. पुढे तिथे याच वळणाची मिश्रणं रूढ झाली. सोडियम वाढलं की भेगाही आल्याच. पण भेग ग्लेझच्या जाडीपुरती असते. तिच्याखाली पक्की भाजलेली, पाणी न पिणारी माती असेल तर चहा जाणार कुठे?

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. माझी पहिली शिनोची किटली पावसाळ्यात खिडकीच्या फळीवर ठेवली होती. तिच्या बुडाखाली रोज ओलं वर्तुळ उमटायचं. मीही आधी ग्लेझलाच बोल लावला. मग किटली पूर्ण वाळवून वजन केलं, 700 ग्रॅम भरलं. काही तास पाण्यात उकळून, पुसून पुन्हा तोलली तर 728. म्हणजे चार टक्के पाणी मातीने पिऊन ठेवलं होतं. स्टोनवेअर, म्हणजे जास्त तापमानाला भाजून पक्की होणारी माती, कच्चं राहिलं होतं. पुढच्या खेपेला भट्टीत वरच्या तापमानाला जास्त वेळ दिला. ग्लेझ तेच, भेगाही तशाच, पण फळी कोरडी राहिली. आपल्या कौलांच्या लाल मातीवर तर शिनो चालतच नाही, कारण ते वितळेपर्यंत ही माती टिकत नाही.

जंतूंचंही तेच. आपल्या हवेत जून ते सप्टेंबर चामड्याच्या चपलेलासुद्धा बुरशी येते, मग पाणी पिणाऱ्या मातीच्या भांड्याला का येणार नाही? अशी किटली मीही विकणार नाही. पक्क्या भाजलेल्या किटलीत चहा शिळा ठेवू नका, गरम पाण्याने धुऊन झाकण काढून वाळवा. भेगांत चहाचा रंग मुरून रेषा काळपट होतात, तो रंग आहे, घाण नव्हे.

'विषारी' या शब्दाचा मला खरा राग आहे. शिनोला शिसं लागतच नाही. ते साधारण 1200 ते 1300 अंशांना वितळतं. तिथे फेल्डस्पारच काच होतो. अर्धवट वितळलेलं कुठलंही ग्लेझ मात्र आंबट पदार्थात झिजू शकतं. म्हणून मी प्रत्येक खेपेतल्या एका वाटीत रात्रभर कोकमाचं आगळ ठेवतो. सकाळी चकाकी गेलेली दिसली तर ती अख्खी खेप खाण्यापिण्यासाठी विकत नाही.

किटलीवर शिनोचा खरा त्रास वेगळाच, आणि मेसेजमध्ये त्याचा उल्लेखही नाही. हे ग्लेझ जाड असतं आणि वितळल्यावरही फारसं वाहत नाही. त्यामुळे तोटीमागच्या गाळणीची भोकं बुजतात, तोटीची धार गोल होऊन चहा ओघळतो. ग्लेझमधला विरघळलेला सोडा पाण्याबरोबर झाकणाच्या बैठकीत उतरला तर झाकण भाजताना चिकटतं. मी गाळणी आणि तोटीचं टोक ओल्या स्पंजाने पुसून घेतो, बैठकीला मेण लावतो, आणि आतून शिनो पातळच देतो. पातळ थर भाजल्यावर विटेसारखा तांबूस होतो.

त्या दोन्ही किटल्या अजून माझ्याकडे आहेत. ज्यांनी नाकारल्या त्यांनी घरी न्याव्यात, पाण्याने भरून रात्रभर वर्तमानपत्रावर ठेवाव्यात. सकाळी कागद ओला निघाला तर परत आणून द्या.