थकलेला पगार मागणं गीतेच्या विरुद्ध? कुठल्या श्लोकात?

माझ्या मावसबहिणीचा पगार थकलाय. तिने विचारलं तर मालकांनी स्टाफच्या ग्रुपवर तो सगळीकडे फिरणारा 'गीतासार' टाकला. कर्म करा, फळ मागू नका, जे झालं ते चांगल्यासाठीच, सगळं आधीच ठरलेलं असतं वगैरे. आणि ती मला विचारते, दादा, पैसे मागणं पाप आहे का रे? संताप झाला वाचून.

'जे झालं ते चांगल्यासाठीच' हे वाक्य गीतेच्या ७०० श्लोकांत कुठेही नाहीये, कॅलेंडरवर छापून छापून लोकांना ते कृष्णाचं वाटायला लागलंय. जे टळणारच नाही त्याचा शोक करू नको असं आहे (२.२७), तेवढं मान्य. पण ते मरणाबद्दल आहे, पगाराबद्दल नाही. आणि 'सगळं ठरलेलं' म्हणणाऱ्यांनी १८.१४ बघावा, काम घडायला पाच कारणं सांगितलीत, त्यात दैव पाचवं.

आता फळाचं. 'कर्मण्येवाधिकारस्ते' सगळ्यांना पाठ, पण त्याच श्लोकाचा शेवट 'मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि', म्हणजे हातपाय गाळून बसू नको, हा कोणी फॉरवर्ड करत नाही. फळात जीव अडकवू नको हे अर्जुनाला त्याच्या स्वतःच्या मनाबद्दल सांगितलंय, दुसऱ्याच्या घामाचे पैसे दाबून ठेवायची परवानगी त्यातून कुठून काढली? अहो, पांडव पाच गावांवर समाधान मानायला तयार होते आणि त्यांच्या हक्काचं बोलायला कौरवांच्या भरसभेत कृष्ण स्वतः गेला होता! हक्काचं मागणं अधर्म असतं तर तो शिष्टाईला गेलाच नसता.

बरं, कर्तव्य फक्त नोकरालाच असतं का? महाभारतातच सभापर्वाच्या पाचव्या अध्यायात नारद युधिष्ठिराला राज्यकारभाराबद्दल एकेक प्रश्न विचारतात, त्यात हाही आहे: 'कच्चिद्बलस्य भक्तं च वेतनं च यथोचितम्। सम्प्राप्तकालं दातव्यं ददासि न विकर्षसि॥' सैन्याचं अन्न आणि वेतन ठरल्या वेळी, योग्य तेवढं देतोस ना, लांबवत नाहीस ना? पुढे म्हणतात, वेळ टळली की हालात पडलेले सेवक धन्यावर चिडतात आणि तो फार मोठा अनर्थ. रामायणात चित्रकूटावर रामसुद्धा भरताला जवळजवळ याच शब्दांत विचारतो. म्हणजे दोन्ही महाकाव्यांत जाब पगार देणाऱ्याला विचारलाय, मागणाऱ्याला नाही.

तेव्हा तू बिनधास्त माग, तारीख टाकून लेखी माग. आणि ग्रुपवर उत्तर द्यायचंच असेल तर हा नारदांचा श्लोक अर्थासकट टाक.