गाडीचं वय वेगळं, फोटोचं वय वेगळं

नमस्कार काका. (प्रतिक्रियेत तुम्हीच स्वतःला 'नौपाड्यातला जुना माणूस' म्हटलंय, म्हणून काका.)

ठाण्यातल्या चरईतल्या वाड्यासमोरच्या लग्नाच्या फोटोत हारांनी मढवलेली जी गाडी आहे, ती फोर्डची मॉडेल ए, 1930-31 ची, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे आक्षेप थोडक्यात असे: नंबरप्लेटवर 'बीएम' दिसतंय, म्हणजे गाडी चाळीसच्या दशकातली, मोबाइलच्या ॲपने शेव्हरोले सांगितलं, रेडिएटरवर शेव्हरोलेचं चिन्ह, म्हणजे गळ्यातल्या बोसारखा 'बो-टाय', स्पष्ट दिसतोय, त्या घरातले वडीलधारेही शेव्हरोलेच म्हणायचे. आणि वर, 'फोटो बघून गाडी सांगणं म्हणजे हात बघून भविष्य सांगणं.' हे शेवटचं झोंबलं, पण आवडलंही. बाकीच्यांवर मात्र मला भांडायचंय.

आधी नंबरप्लेट. 'बीएम' तुम्ही अगदी बरोबर वाचलंत. 1939 च्या मोटार वाहन कायद्यानंतर मुंबई प्रांतातल्या गाड्यांना ही अक्षरं आली, आणि 1960 नंतर महाराष्ट्राच्या नव्या नोंदणीला 'एमआर'. म्हणजे हा फोटो 1939 च्या आधीचा नाही, इथपर्यंत आपलं एकमत. पण यावरून वय ठरतं ते फोटोचं, गाडीचं नाही. जुन्या गाडीची नव्या पद्धतीने नोंदणी झाली की पत्रा बदलतो, गाडी तीच राहते. त्यात तो काळ बघा. युद्धामुळे पेट्रोलवर रेशनिंग, अमेरिकेत फेब्रुवारी 1942 पासून सामान्य गिऱ्हाइकांसाठी गाड्या बनणंच बंद. नवी गाडी आणणार कुठून? ज्याच्याकडे जी होती ती तो जपून, ठोकठाक करून चालवत होता. मॉडेल ए 48 लाखांहून जास्त बनल्या, आणि त्यांची यंत्रणा इतकी साधी की गल्लीतल्या मिस्त्रीलाही हात घालता यावा. पंधरा वर्षांची मॉडेल ए लग्नात वरातीला उभी असणं यात मला काहीच आश्चर्य वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा, आणि इथे जरा थांबणार आहे. फोटो मोठा करून समोरच्या काचेच्या खाली बघा, जिथे बॉनेट संपतं आणि काच सुरू होते तिथे. बरोबर मधोमध एक गोल झाकण आहे. सजावट करणाऱ्याने हाराची दोरी त्यालाच गुंडाळलीय, म्हणून ते पटकन लक्षात येत नाही. ते पेट्रोलच्या टाकीचं झाकण आहे. मॉडेल ए ची टाकी काचेच्या पुढे, डॅशबोर्डच्या जागी होती. पंप नाही, काही नाही. पेट्रोल उतारानेच कार्ब्युरेटरपर्यंत यायचं. त्या वर्षांतल्या शेव्हरोलेची टाकी मागे, त्यामुळे तिला काचेपुढे असं झाकण असण्याचं कारणच नाही. टाकी पुढे असलेल्या दुसऱ्या गाड्या होत्या, ऑस्टिन सेव्हनचीही पुढेच होती. पण ती खेळण्याएवढी. या गाडीच्या फूटबोर्डवर तीन बाप्ये उभे आहेत आणि शिवाय जागा उरलीय.

मी या झाकणावर एवढा जोर देतो त्याला कारण आहे. जुन्या गाडीत काय काय बदलतं? दिवे बदलतात, बंपर बदलतो, टप नवा शिवतात, रेडिएटरच्या टोपीवर हौसेने बाहुली बसवतात. आपल्याकडे तर अख्खी बॉडी नव्याने बांधून घेतलेल्या गाड्या कमी नव्हत्या. पण टाकी पुढची मागे नेणं म्हणजे गाडीची आतडी हलवणं. ते सहसा कोणी करत नाही. म्हणून ओळखताना मी जे बदलायला सगळ्यात अवघड ते आधी बघतो आणि जे सगळ्यात आधी डोळ्यात भरतं ते शेवटी.

'बो-टाय'चं तसंच. रेडिएटरवर आडवं, दोन्ही टोकांना रुंद असं काहीतरी दिसतंय खरं. पण ते चिन्ह नव्हे, दोन हार जिथे एकत्र बांधलेत तिथली गाठ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पसरलेली फुलं आहेत. तिची सावली रेडिएटरवर खाली पडलीय, ती बघा. रेडिएटरला चिकटलेल्या बिल्ल्याची सावली अशी चार बोटं खाली पडत नाही. खरा बिल्ला, जो असेल तो, हाराखाली झाकलेला आहे.

1930-31 कशावरून? 1928-29 च्या मॉडेल ए मध्ये रेडिएटर बुटका आणि बॉनेटच्या मागे पत्र्याला ठळक वळण असतं. 1930 पासून रेडिएटर उंच झाला आणि बॉनेटची रेघ दरवाजापर्यंत जवळजवळ सरळ गेली. या फोटोत ती सरळ आहे. चाकंही आधी 21 इंची होती, ती 19 इंची झाली. पण चाकावर मी भिस्त ठेवत नाही, कारण नव्या मॉडेलची चाकं जुन्याला बसवता येतात. 1931 मध्ये रेडिएटरच्या चौकटीच्या वरच्या भागात रंगवलेला खोलगट पट्टा आला, पण नेमकी ती जागा झेंडूखाली. म्हणून दोन वर्षं जोडून लिहिली. 'अमेरिकन गाडी तर स्टिअरिंग उजवीकडे कसं' असंही तुम्ही जाता जाता विचारलंय. फोर्डच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्या आपल्याकडे कॅनडातून यायच्या. ब्रिटन सोडून बाकी साम्राज्याचं गिऱ्हाईक फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीकडे होतं.

राहिली घरातली आठवण. ती मी खोटी ठरवत नाहीये. जनरल मोटर्सने 1928 मध्ये शिवडीला गाड्या जोडायला सुरुवात केली, त्यामुळे मुंबई-ठाण्यात शेव्हरोले असणं अगदी स्वाभाविक. त्या घरात शेव्हरोले होतीही असेल. पण लग्नाला गाडी मागून आणायची पद्धत होती, कधी डॉक्टरांची, कधी वकिलांची, कधी मुंबईहून आलेल्या पाहुण्यांची. घरची गाडी कोणती, आणि त्या दिवशी दारात उभी राहिली ती कोणती, हे दोन प्रश्न आहेत. त्या वडीलधाऱ्यांनी पहिल्याचं उत्तर दिलं असेल, आपण ते दुसऱ्याला लावतोय.

ॲपबद्दल फार लिहीत नाही. तोच फोटो कडेची माणसं कापून दिला तर ॲपने प्लिमथ सांगितलं, आणि तेही तितक्याच आत्मविश्वासाने. गाडीचा निम्मा चेहरा फुलांनी झाकलेला असेल तर त्याने तरी काय करावं. झाकणाला दोरी का गुंडाळलीय, हे त्याला विचारता येत नाही.

एक विनंती. तुम्ही पाठवलेली प्रत व्हॉट्सॲपवरून फिरून आलेली आहे, त्यात नंबरातला 3 आणि 8 सारखेच दिसतायत. मूळ फोटो अजून त्या घरात असेल तर काचेच्या चौकटीतून बाहेर काढून स्कॅन करायला सांगा, निदान 600 डीपीआयला. मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असेल तर तोही. आणि त्याच लग्नाच्या अल्बममध्ये गाडी मागून दिसणारा एखादा फोटो असेल तर तो आधी पाठवा. पेट्रोलचं झाकण मागे निघालं, तर मी शीर्षकात शेव्हरोले लिहीन.