दा नांगमधले तेरा दिवस आणि न पाहिलेला पूल

परवा सांगलीत विश्रामबागेतल्या एका लग्नात ओळखीच्या काकूंनी ताट हातात धरूनच मला विचारले, "तेरा दिवस व्हिएतनामला होतात म्हणे, मग तो दोन हातांवर तोललेला सोनेरी पूल कसा वाटला?" आम्ही तो बघितलाच नाही असे सांगितल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जी कणव दाटून आली, ती पाहूनच ही पोस्ट लिहायचे ठरवले.

तो पूल दा नांग शहराजवळच्या बा ना डोंगरावर आहे. २०१८ साली तो खुला झाला आणि तेव्हापासून त्याचा फोटो मोबाइलवर आला नाही असा माणूस सांगलीत तरी मला भेटलेला नाही. आम्ही त्याच दा नांगमध्ये राहत होतो. जायचे की नाही यावर घरात दोनदा चर्चा झाली आणि दोन्ही वेळा सासूबाईंनी "फोटोत बघितलाय की" म्हणून विषय मिटवला.

एकाच गावी तेरा दिवस राहण्यामागे आमचे फार मोठे तत्त्वज्ञान नव्हते. आदल्या वर्षी एका सहल कंपनीबरोबर आम्ही सहा दिवसांत दोन देश 'केले' होते (चारधाम करावे तसे परदेशही आपण 'करतो'), आणि त्यातले सासूबाईंना आज आठवते ते बसचे पडदे आणि "बॅगा दाराबाहेर ठेवा" ही पहाटेची हाक, एवढेच. अडुसष्टाव्या वर्षी, दोन्ही गुडघे कुरकुरत असताना, दर रात्री नव्या हॉटेलातला नळ कुठल्या बाजूला फिरवायचा हे शिकत बसणे म्हणजे काही विश्रांती नव्हे. म्हणून गेल्या मे महिन्यात आम्ही 'मी खे' नावाच्या किनाऱ्यापासून दहा मिनिटांच्या अंतरावर, स्वयंपाकघर असलेल्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या, मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी फळीवर मांडली आणि रिकाम्या बॅगा कपाटावर टाकून दिल्या.

दा नांगचा समुद्र पूर्वेला आहे. आपण कोकणात जाऊन सूर्यास्त पाहणारी माणसे. तिथे सूर्य पाण्यातून वर येतो आणि मे महिन्यात सव्वापाचच्या सुमारासच येतो. तिथले घड्याळ आपल्या दीड तास पुढे आहे, म्हणजे सांगलीत पावणेचारच्या साखरझोपेची वेळ असताना तिकडे निम्मे गाव समुद्रात उतरलेले असते: आजोबा, शाळकरी मुले, कामावर जाण्याआधी दोन डुबक्या मारून घेणारे लोक. उन्हे तापायच्या आत सगळे घरी परततात, आणि मग टोप्या-गॉगल घालून आपल्यासारखे परदेशी उगवतात. हे आम्हाला पाचव्या दिवशी कळले. तोवर आम्ही रोज नऊ वाजता जाऊन इमानेइतबारे तळपाय भाजून घेत होतो. चार दिवसांचा मुक्काम असता, तर दा नांगच्या लोकांना समुद्राचे फारसे वेड नाही असे खुशाल सांगत सुटलो असतो.

सासूबाईंचे माहेर हरिपूरचे, कृष्णा-वारणेच्या संगमावरचे. लहानपणी पाठीला भोपळा बांधून त्या कृष्णेत पोहायला शिकल्या; लग्नानंतर मात्र चाळीसहून अधिक वर्षे त्यांनी पाण्यात पाऊल घातले नव्हते. सहाव्या पहाटे त्या पंजाबी ड्रेस घालून घोट्याइतक्या पाण्यात नुसत्या उभ्या होत्या. शेजारी फुलाफुलांच्या कापडाची विजार आणि लांब बाह्यांचा सदरा घातलेली, त्यांच्याच वयाची एक बाई होती. तिने काही न बोलता सासूबाईंचे मनगट धरले, लाट आली की तोंड समोर न ठेवता खांदा पुढे करून आडवे कसे व्हायचे ते एकदा करून दाखवले, आणि पुढच्या लाटेला दोघी एकदमच आडव्या झाल्या. सासूबाई वर आल्या तेव्हा नाकातोंडात पाणी गेलेले होते आणि त्या हसत होत्या. माझ्या लग्नाला चौदा वर्षे झाली. त्यांचे हे हसू मी पहिल्यांदाच ऐकत होते. त्यानंतर त्या दोघी रोज भेटत. नावे एकमेकींना कळली की नाही, हे मला आजही माहीत नाही.

खाण्याचेही असेच हळूहळू उलगडत गेले. तिथल्या स्वयंपाकात माशांपासून केलेला नुओक माम हा सॉस जवळजवळ सगळीकडे असतो, त्यामुळे पहिले काही दिवस आम्ही घरी खिचडीच केली. मग चिरंजीवांनी एका गल्लीत 'चाय' अशी पाटी शोधून काढली आणि आम्ही आशेने आत शिरलो. तिथे चहा नव्हता, कारण त्यांच्या भाषेत चाय म्हणजे शाकाहारी जेवण. त्यांच्या चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी अनेक बौद्ध कुटुंबे मांसमच्छी वर्ज्य करतात, हे आम्हाला वैशाखी पौर्णिमेला त्या खाणावळीत बसायला जागा मिळाली नाही तेव्हा समजले. "म्हणजे यांची एकादशीच की," सासूबाई म्हणाल्या. त्याच खाणावळीत 'मी क्वांग' नावाचा पदार्थ मिळाला: तांदळाच्या रुंद पिवळ्या शेवया, तळाशी बेताचाच रस्सा, वर शेंगदाणे आणि पापडासारखी कुरकुरीत चकती. त्यांनी एक शेवई बोटावर घेऊन चोळली, वास घेतला आणि म्हणाल्या, "हळद आहे." हरिपूरच्या पेवांमध्ये साठवलेल्या हळदीच्या वासात वाढलेल्या बाईला आणखी प्रमाणपत्र कशाला लागते?

या शहरात चाम शिल्पांचे (म्हणजे इथल्या जुन्या चंपा राज्यातल्या लोकांच्या शिल्पांचे) एक संग्रहालय आहे, १९१९ साली उघडलेले. बहुतेक चाम राजे शैव होते, तेव्हा शिवलिंगे, नंदी, गणपती सगळे आपलेच गणगोत तिथे उभे आहे. आम्ही तीन वेळा गेलो आणि दर वेळी तासाभरात बाहेर पडलो, कारण गुडघे तेवढीच परवानगी देत होते. एका सहलीचा जथा आमच्यासमोर आत आला आणि गणपतीपाशी फोटो काढून बाहेरही पडला. मी त्यांना हसले नाही. आदल्या वर्षी मीही त्याच रांगेत होते.

होई आन मात्र वेगळ्या कारणाने लक्षात राहिले. दा नांगपासून साधारण ३० किलोमीटरवरचे हे जुने बंदर १९९९ पासून जागतिक वारसा यादीत आहे. कंदील, पिवळ्या भिंती, गर्दी, सगळे चित्रात असते तसेच. पण नदीकाठच्या एका जुन्या व्यापाऱ्याच्या घरात शिरलो आणि आमचे हे भिंतीपाशी थबकले. भिंतीवर एकावर एक खुणा होत्या, प्रत्येकीपुढे वर्ष. थू बोन नदी कोणत्या वर्षी घरात कुठवर चढली, त्याचा तो हिशेब होता. आमच्या घराच्या जिन्यापाशी अशाच दोन रेघा आहेत, २००५ ची आणि तिच्या वर २०१९ ची. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, त्या रात्रीची. मुलाने सर्वांत वरच्या खुणेखाली उभे राहून हात उंचावून पाहिला, तो पोहोचला नाही. आम्ही कोणीच फार बोललो नाही, आणि त्या दिवशी कंदीलही पाहायचे राहिले, कारण सासूबाईंना लवकर परत जायचे होते.

सगळे गोडच होते असे नाही. सातव्या दिवशी मुलाने "आज काय आहे?" असे विचारून माझे डोके उठवले. "काही नाही" हे उत्तर अकरा वर्षांच्या मुलाला दोन वेळा देता येते, तिसऱ्यांदा नाही. मग शनिवारी रात्री नऊला त्याला हान नदीवरच्या ड्रॅगन पुलावर नेले, तिथे ड्रॅगन तोंडातून आग ओकतो आणि मग पाणी फवारतो. तो चिंब भिजून परतला आणि दुसऱ्या दिवशी, रविवारीही, जायचा हट्ट धरून बसला. आणि तेरा दिवसांची रजा सगळ्यांना मिळत नाही, हेही मला मान्य आहे. आम्ही ती वर्षभर साठवली होती. तरीही पाच दिवस हातात असलेल्यांनीसुद्धा तीन शहरे न गाठता एकच निवडावे, असे मी आग्रहाने सांगेन. आमच्या गल्लीतल्या कॉफीवालीने पहिले तीन दिवस आम्हाला सर्वांसारखी वीतभर उंचीची प्लास्टिकची स्टुले दिली. सासूबाई उठताना माझ्या खांद्याचा आधार घेतात, हे तिने कधी पाहिले कोण जाणे. चौथ्या सकाळी तिने घरातून पाठ असलेली उंच खुर्ची आणून ठेवली आणि शेवटच्या दिवसापर्यंत ती खुर्ची तिथेच होती.

आता भाऊजींनी युरोपचे एक माहितीपत्रक आणून दिले आहे, आठ दिवसांत चार देश. ते फ्रिजवर पडून असते. काल सासूबाईंनी चष्मा लावून ते पूर्ण वाचले आणि बोट ठेवून विचारले, "पहाटे पाचला उठवणार असं लिहिलंय. समुद्रावर न्यायला का?"

"नाही आई, बसमध्ये बसवायला."

त्यांनी चष्मा काढला आणि पत्रक परत फ्रिजवर ठेवून दिले.