डीएक्स लेन्स आणि फिल्म कॅमेरा: काळ्या कोपऱ्यांचा बागुलबुवा

जुना फिल्म कॅमेरा कपाटातून बाहेर काढला की एक सल्ला हमखास मिळतो: "डिजिटलच्या छोट्या सेन्सरची लेन्स त्याला लावू नकोस. ३५ ची लेन्स ५२ ची होते, चारी कोपरे काळे येतात, शिवाय आरसा फुटतो." यातलं एक साफ खोटं, एक अर्धं खरं, आणि तिसरं दुसऱ्याच कंपनीचं.

३५ मिमी हा आकडा लेन्सचा आहे. ती कुठेही लावा, ३५ च राहते. छोटा सेन्सर चित्राच्या कडा कापतो, म्हणून दृश्य ५२ च्या लेन्सइतकं अरुंद भासतं आणि दीडपटीचा हिशेब करायचा. फिल्मची फ्रेम ३६ × २४ मिमीची, तिथे कापाकापी नाहीच. निकॉनची डीएक्स, म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली, ३५ एफ/१.८ डिजिटलवर ४४ अंशांचा कोन दाखवते, तीच फिल्मवर ६३ च्या आसपास. दृश्य उलट ऐसपैस होतं.

कोपऱ्यांचं मात्र नीट बघायला हवं. डीएक्स सेन्सरचा कर्ण साधारण २८ मिमी, फिल्मचा ४३. लेन्सने पाडलेलं प्रकाशाचं वर्तुळ २८ झाकलं की कंपनीचं काम झालं. त्यापुढे ते किती पसरतं, हे ज्या त्या लेन्सवर. कॅमेऱ्याच्या किटमधली १८-५५ झूम अठरावर लावली तर नळीतून बघितल्यासारखं दिसतं, कबूल. पण वरची ३५ जवळजवळ अख्खी फ्रेम भरते, फक्त कोपरे झाकोळतात. टोकिना कंपनीची ११-१६ झूम अकरावर काळी, सोळावर जवळपास स्वच्छ. आणि फिल्मवर १६ म्हणजे चैनच.

खरी फसगत पुढे आहे. अपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाशाचं भोक, पूर्ण उघडं असताना वर्तुळाची कड विरघळलेली असते. भोक लहान केलं, म्हणजे एफ/११ ला, की तीच कंपासने आखल्यासारखी टोकदार होते. व्ह्यूफाइंडरमध्ये आपण बघतो ते उघड्या अपर्चरचं, आणि निकॉनच्या एफ८० सारख्या फिल्म कॅमेऱ्यात तेही फ्रेमच्या ९२ टक्केच. माझ्या पहिल्या रोलचे काळे कोपरे मला थेट निगेटिव्हवर भेटले. तेव्हापासून रोल भरण्याआधी मागचं झाकण उघडतो, फिल्मच्या जागी बटर पेपरचा तुकडा धरतो, शटर बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत उघडं) दाबून ठेवतो आणि कॅमेरा खिडकीकडे रोखतो. कागदावर उलटी खिडकी उमटते आणि वर्तुळ कुठे संपतं ते डोळ्यांना दिसतं. एफ/११ ला चित्र अंधुक पडतं, तेव्हा डोक्यावर चादर घ्यायची. घरचे हसतात.

आरशाची भीती कॅननच्या ईएफ-एस लेन्सची, म्हणजे त्यांच्या छोट्या सेन्सरच्या लेन्सची. त्यांचा मागचा भाग आत घुसतो. म्हणूनच त्या कॅननच्या फिल्मवाल्या ईओएस कॅमेऱ्यांवर बसतच नाहीत. मागची रबरी कडी काढून कुणी जबरदस्तीने बसवल्या तर आरसा आपटू शकतो. निकॉनच्या डीएक्सला हे लागू नाही.

ज्या अडचणीने खरंच अडतं, तिचा त्या सल्ल्यात पत्ताच नाही: निकॉनच्या 'जी' लेन्सला, आणि वरची ३५ त्यातलीच, अपर्चरची रिंग नसते. एफ८० किंवा एफ१०० अपर्चर स्वतः सांभाळतात. वडिलांच्या हाताने चालवायच्या एफएम२ वर मात्र ही ३५ कायम एफ/२२ ला बंद होणार. आयएसओ ४०० चा रोल, भर दुपारचं ऊन आणि १/२५० एवढ्यावर भागत असेल तर खुशाल लावा, कोपऱ्यांत टोकदार काळं येईल एवढंच. निकॉनच्या नव्या एएफ-पी लेन्सना तर हातच लावू नका: फिल्म बॉडीवर फोकसची रिंग कितीही फिरवा, आत काहीही हलत नाही.