शर्टाच्या खिशात चुंबक? तो मेसेज पुढे पाठवू नका

"वस्तूला निओडिमियमचं छोटं चुंबक चिकटवा, फोनमधलं होकायंत्र चालू करा. वस्तू कुठे आहे, कशी वळली आहे, सगळं मिलिमीटरपर्यंत कळतं, भिंतीआडूनही. म्हाताऱ्या माणसांच्या खिशात ठेवा, पडले तर लगेच समजेल."

हे फिरत फिरत मावशीपर्यंत पोहोचलं आणि तिने काकांसाठी चुंबक मागवलंही. काकांना पेसमेकर आहे. म्हणून आधी खिशाचंच बोलू. 10 मिमी व्यास आणि 10 मिमी उंचीच्या एन42 (निओडिमियम चुंबकाच्या ताकदीची एक प्रत) चुंबकाचं क्षेत्र अक्षाच्या रेषेत सुमारे 5 सेंमीपर्यंत 1 मिलिटेस्लाच्या (टेस्ला हे चुंबकीय क्षेत्राचं एकक; 1 मिलिटेस्ला म्हणजे 1000 मायक्रोटेस्ला) वर असतं. तेवढ्यात पेसमेकर 'मॅग्नेट मोड'मध्ये जाऊ शकतो, म्हणजे हृदयाचे स्वतःचे ठोके न पाहता ठरावीक गतीने चालत राहतो. छातीत बसवलेलं, गरज पडल्यास हृदयाला शॉक देणारं उपकरण असेल तर शॉकच थांबू शकतो. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन मोबाइलसुद्धा अशा उपकरणांपासून 6 इंच लांब ठेवायला सांगतं. इथे तर उघडं चुंबक थेट छातीवर!

"सगळं कळतं." कसं कळेल? फोनमधला होकायंत्राचा सेन्सर तीन आकडे देतो, तीन दिशांतलं चुंबकीय क्षेत्र. अज्ञात राशी पाच: जागेच्या तीन, अक्षाच्या दिशेच्या दोन. तीन समीकरणांतून पाच उत्तरं निघत नाहीत. सहावी राशी म्हणजे स्वतःच्या अक्षाभोवतीचं फिरणं. गोल चुंबक तसं फिरवलं तर क्षेत्र बदलतच नाही, मग कितीही सेन्सर लावा. सहाही हव्या असतील तर राब आणि सहकाऱ्यांचा 1979 चा आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकातला लेख वाचा: परस्परांना काटकोनात तीन प्रेषक कॉइल (क्षेत्र निर्माण करणारी तारेची वेटोळी), तशाच तीन ग्राहक कॉइल (ते मोजणारी), प्रेषक एकेक करून चालवायच्या, नऊ मोजमापं. फोन आणि चुंबकाचं हे काम नाही.

मिलिमीटरचं तर बोलूच नये. क्षेत्र अंतराच्या घनाने घटतं. वरच्याच चुंबकाचं 10 सेंमीवर सुमारे 160 मायक्रोटेस्ला, 50 सेंमीवर जेमतेम 1.3. पृथ्वीचं स्वतःचं 25 ते 65. ते 40 धरलं आणि फोन एक अंश जरी कलला, तरी 0.7 मायक्रोटेस्लाचा फरक पडतो. 50 सेंमीवर अंतरातच 7 सेंमीहून मोठी चूक. शिवाय फोन मागच्या मागे कॅलिब्रेशन (सेन्सरच्या आकड्यांची दुरुस्ती) बदलत असतो, त्यामुळे आकडे अचानक उडी मारतात.

"भिंतीआडूनही" यात अर्धं खरं आहे, मान्य. वीट, लाकूड, शरीर यांतून स्थिर चुंबकीय क्षेत्र जवळजवळ जसंच्या तसं जातं. स्लॅबमधली लोखंडी सळई मात्र ते वाकवते.

प्रयोगच करायचा तर टेबलावर करा. न हलणाऱ्या पाटीवर तीन-अक्षी 9 ते 16 सेन्सर, 4-5 सेंमी अंतराने. चुंबक लांब ठेवून प्रत्येकाची शंभर रीडिंग घ्या, सरासरी वजा करा, मग चुंबक जवळ आणून द्विध्रुवाचं (दोन ध्रुवांच्या छोट्या चुंबकाच्या क्षेत्राचं) समीकरण लघुतम वर्ग पद्धतीने, म्हणजे चुकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईल असं, बसवा. 10-15 सेंमीच्या आत उत्तरं छान येतात, पाचच राशींची. मधे पाटी सरकली तर शून्य रीडिंग, म्हणजे चुंबक लांब असतानाची, पुन्हा घ्यायची.

काका पडले की कळावं एवढंच हवं असेल, तर ते काम ॲक्सेलरोमीटरचं, म्हणजे वेगातला बदल मोजणाऱ्या सेन्सरचं. पडणं ओळखणाऱ्या मनगटी घड्याळात तो असतो. घड्याळही पेसमेकरपासून 6 इंच लांबच ठेवायचं, आणि चार्जर छातीवर ठेवायचा नाही, त्यातही चुंबक असतं.