‘दोन बोल्ट, अर्धा तास’: सेल्फ घरी बदलण्याचा सल्ला तपासून पाहू

व्हॉट्सअॅप ग्रुपांवर आणि व्हिडिओंमधून एक सल्ला सतत फिरत असतो. त्याचा गोषवारा असा: किल्ली फिरवल्यावर नुसतं ‘टक’ वाजलं आणि इंजिन फिरलं नाही, की सेल्फ (इंजिन सुरू करणारी स्टार्टर मोटर) गेला समजा. मोटरवर हातोडीचे दोन ठोके मारा. तरी लागला नाही, तर स्क्रू ड्रायव्हरने सेल्फची टर्मिनल एकमेकांना जोडून बघा. तेही जमलं नाही, तर ऑनलाइन नवी मोटर मागवा, कारण गॅरेजवाला लुटणारच. दोन बोल्ट आणि एक जाड वायर एवढंच काम, अर्ध्या तासात गाडी चालू.

घरी सेल्फ बदलण्याला माझा विरोध नाही. हाताला पान्यांची सवय असेल तर बऱ्याच गाड्यांचा सेल्फ घरी उतरतो आणि चढतोही. पण हा सल्ला निदान एका ओळीत उरकतो आणि लगेच हातात पाना देतो. सेल्फ खरंच गेला आहे का, हे ठरवणं बोल्ट सोडवण्यापेक्षा मोठं काम आहे.

‘टक’पासूनच सुरुवात करू. सेल्फच्या पाठीवर छोटं नळकांडं असतं, तो सोलेनॉइड. त्यात दोन गुंडाळ्या असतात. एक प्लंजर (आतला लोखंडी दांडा) खेचते, दुसरी खेचलेला प्लंजर धरून ठेवते. प्लंजर सरकला की लिव्हर बेंडिक्सला (मोटरच्या पुढे-मागे सरकणाऱ्या भागाला) पुढे ढकलतो आणि त्याचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत शिरतं. सरकण्याच्या अगदी शेवटी तांब्याची चकती दोन जाड टर्मिनलांवर टेकते, आणि तेव्हा कुठे मोटरला खरा करंट मिळतो. छोट्या पेट्रोल गाडीत तो शंभर अँपियरच्या आसपास असतो, डिझेलमध्ये बराच जास्त. आपल्याला ऐकू येतं ते ‘टक’ या प्लंजरचं. म्हणजे टक वाजलं याचा अर्थ किल्लीचा हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचला. पुढे काय अडलं, हे त्या एका आवाजावरून कळत नाही.

आवाजाची तऱ्हा मात्र बरंच सांगते. सलग ‘टकटकटकटक’ वाजत असेल तर पहिला संशय बॅटरीवर घ्या, नाहीतर तिच्या सैल किंवा गंजलेल्या टर्मिनलवर. मोटर करंट ओढायला लागते, व्होल्टेज कोसळतं, धरून ठेवणाऱ्या गुंडाळीचा जोर संपतो, प्लंजर मागे येतो, व्होल्टेज सावरतं आणि पुन्हा तेच. अशा गाडीला नवा सेल्फ बसवला तर तोही तसाच टकटकेल. एकच ठाम टक आणि मग शांतता असेल तर हेडलाइट लावून पुन्हा किल्ली फिरवा. दिवे पार मंदावले तर बॅटरी कमजोर आहे किंवा काहीतरी जाम झालं आहे. दिवे जसेच्या तसे राहिले तर मोटरमधून करंट जातच नाही. सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट जळलेत, नाहीतर मोटरच्या फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे ठोकळे झिजून संपलेत. इथे सेल्फवरचा आरोप टिकतो.

काहीच आवाज नसेल तर सेल्फला हात लावण्याआधी फ्यूज, रिले (विजेने चालणारा स्विच) आणि क्लच पेडलवरचा स्विच बघा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये टाकून बघा. बटणवाल्या गाड्यांत आणखी एक गोष्ट फसवते. ब्रेक पेडलचा स्विच बिघडला की ब्रेक दाबल्याचं गाडीला कळत नाही आणि ती सेल्फ मारतच नाही. कुणाला तरी मागे उभं करून ब्रेक दाबा. लाल दिवे लागले नाहीत तर चोर बहुधा तिथेच आहे, आणि तो स्विच सेल्फपेक्षा खूपच स्वस्त असतो.

मोटर घरघर फिरते पण इंजिन फिरत नाही, हा वेगळाच आजार. बेंडिक्स घसरतंय किंवा फ्लायव्हीलच्या रिंगचे दाते खाल्ले गेलेत. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक वेळा त्याच दोन जागांवर थांबतं, त्यामुळे झीजही तिथेच होते. चौथ्या गिअरमध्ये गाडी जराशी ढकलली, पुन्हा न्यूट्रल केली आणि सेल्फ लागला, तर रिंग तपासायला हवी. तशा रिंगवर नवा सेल्फ चढवला तर त्याचंही पिनियन तेच दाते खातील.

मीटरने हे सगळं अंदाजातून बाहेर येतं. काहीशे रुपयांचा मल्टीमीटर पुरतो. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, १२ च्या खाली म्हणजे उतरलेली. सेल्फ मारताना व्होल्टेज १० च्या फार खाली जाऊ नये. ९.६ खाली गेलं तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या. मग खरी चाचणी. मीटरची एक टोचणी बॅटरीच्या प्लस खांबावर आणि दुसरी सेल्फच्या जाड वायरच्या बोल्टवर ठेवा, आणि दुसऱ्याला किल्ली फिरवायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायर किंवा जोड करंट खातोय. तसंच मायनस खांब आणि सेल्फचं अंग यांच्यामध्ये मोजा. तिथे ०.३ च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. टोचणी खांबावरच टेकवा, क्लॅम्पवर नाही. नाहीतर क्लॅम्पखालचा गंज मोजणीतून निसटतो. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या हवेत, इंजिनाची अर्थ पट्टी वरून ठीक दिसते आणि आतून हिरवी पडलेली असते. अशा गाड्यांचे किती सेल्फ उगाच बदलले गेले असतील देव जाणे.

पावसाळ्यातली एक गोष्ट त्या सल्ल्यात येतच नाही, आणि तीच सगळ्यात महाग पडते. गाडी तुंबलेल्या पाण्यातून काढली किंवा पाण्यात उभी होती आणि आता एकच धप्प आवाज होऊन इंजिन अडतंय, तर सेल्फ पुन्हा मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी शिरलं असू शकतं. पाणी दाबलं जात नाही, मग पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी टो करूनच न्या.

आता हातोडी. ती कधीकधी चालते, हे खरं. झिजलेला कार्बन अडकलेला असतो आणि ठोक्याने पुन्हा कम्युटेटरला (फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्याला) टेकतो. आडरानात अडकला असाल तर लाकडी दांड्याने एक हलका ठोका मारून घर गाठायला हरकत नाही. पण आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांच्या सेल्फमध्ये फील्ड कॉइलच्या (तारेच्या चुंबकी गुंडाळीच्या) जागी फेराइटचे कायम चुंबक आतल्या भिंतीला बसवलेले असतात, आणि फेराइट ठिसूळ असतं. जोराच्या घावाने ते तडकलं की तुकडा आर्मेचरमध्ये (मोटरच्या फिरत्या भागात) अडकतो. नव्या कार्बनवर भागलं असतं ती मोटर मग भंगारात जाते.

स्क्रू ड्रायव्हरबद्दल मात्र सौम्य बोलण्यात अर्थ नाही. हा प्रकार करूच नका. दोन जाड टर्मिनल जोडली तर मोटर नुसती जागेवर फिरते. प्लंजर हलतच नाही, त्यामुळे पिनियन दात्यांत शिरतं का हे कळत नाही. चाचणी म्हणूनही ती कुचकामी. जाड टर्मिनलवरून छोट्या टर्मिनलला (किल्लीची बारीक वायर येते तिथे) करंट दिला तर इंजिन फिरतं, पण क्लचचा आणि न्यूट्रलचा सुरक्षा स्विच वगळून. आपल्याकडे उतारावर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून ठेवायची सवय आहे. तशी गाडी पुढे उडी घेते, आणि तुम्ही तिच्या पुढ्यात किंवा खाली असता. शिवाय सेल्फची जाड वायर बहुतेक गाड्यांत थेट बॅटरीवरून येते, किल्ली बंद असतानाही जिवंत असते आणि मध्ये फ्यूज नसतो. तिच्यावरून लोखंड बॉडीला टेकलं की ते क्षणात लालबुंद होतं. मनगटावर कडं किंवा घड्याळ असेल तर ते आधी काढा.

दोन बोल्ट? असतात, कधी तीन. पण तिथपर्यंत हात पोचला पाहिजे. काही गाड्यांत एअर फिल्टरचा डबा काढला की सेल्फ समोर दिसतो, काहींत खालून जावं लागतं, काहींत तो इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) आडोशाला असतो. टोकाचं उदाहरण लेक्ससच्या जुन्या चार लिटर व्ही-८ इंजिनाचं: तिथे सेल्फ चक्क मॅनिफोल्डच्या खाली, दोन सिलिंडर रांगांमधल्या दरीत आहे. म्हणून आपल्या मॉडेलचं मॅन्युअल बघा, दुसऱ्याच्या गाडीचा व्हिडिओ नको. टोयोटाच्या पद्धतीच्या स्ट्राँग हायब्रिड गाड्यांत तर असा वेगळा सेल्फच नसतो. इंजिन फिरवायचं काम हाय व्होल्टेज मोटर करते. तिच्या नारिंगी केबलींच्या वाटेला घरी जाऊ नये.

खालून काम असेल तर गाडी सपाट जागी घ्या, हँडब्रेक लावा, चाकांना दगड लावा आणि गाडी जॅक स्टँडवर ठेवा. डिकीतला जॅक चाक बदलण्यापुरताच असतो. बॅटरीची मायनस वायर सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी लावायची. उलट केलंत, तर प्लसवर फिरणारा पाना बॉडीला लागायला एक इंच पुरतो. सेल्फ जिथे टेकतो ती जागा तारेच्या ब्रशने घासून घ्या, कारण त्याचा करंट अंगातूनच परत जातो. तिथे सिलिकॉन फासून तो करंट अडवणारेही मी पाहिलेत. बोल्ट अॅल्युमिनियमच्या घरात बसतात, म्हणून पहिले चार-पाच आटे बोटांनीच फिरवा. गोटी पाना नंतर. जाड वायरचा नट आवळताना जोर मारू नका. तांब्याचा बोल्ट मुळाशी फिरला तर सोलेनॉइड नवा असूनही वाया. वायरवरची रबरी टोपी परत चढवा.

राहिला गॅरेजवाल्याच्या लुटीचा मुद्दा. कार्बनवर भागतं तिथे पूर्ण असेंब्ली माथी मारणारे असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ऑनलाइन नवी मोटर मागवून तुम्हीही तेच करता, फक्त स्वतःच्या हाताने. मधला रस्ता असा: सेल्फ स्वतः उतरवा आणि ‘सेल्फ डायनमो’ची पाटी असलेल्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे घेऊन जा. तालुक्याच्या गावीही असा एखादा मिळतो. मोटर शिकंज्यात धरून तो समोर फिरवून दाखवेल. कार्बन, बुश, सोलेनॉइडचे कॉन्टॅक्ट, बेंडिक्स हे सुटं मिळतं आणि बदलता येतं. आर्मेचरच जळलेलं असेल तर मात्र नव्याचा विचार करा. तेव्हा पार्ट नंबर जुळवा, पिनियनचे दाते मोजा, फिरण्याची दिशा बघा. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाडीला तिच्यासाठीचाच सेल्फ हवा. साधा बसवला तर दिवसभरातल्या तेवढ्या सुरुवाती त्याला झेपत नाहीत.

आणि वायर जोडली की काम संपलं, हेही पूर्ण खरं नाही. बॅटरी काढल्यावर पुष्कळ गाड्यांत एका दाबात वर जाणारी काच आपली हद्द विसरते. अनेक मॉडेलांत काच पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद तसंच ओढून धरलं की ती परत शिकते. पद्धत मॅन्युअलमध्ये असते. घड्याळ लावून घ्या. पहिल्या फेरीत आयडलिंग थोडं वरखाली झालं तर घाबरू नका.